चार इंद्रिये शाबूत असता

परम कृपाळू अल्लाचे नाव घेऊन हा कागद लिहायला घेतला आहे.

मी, मीरासाब वल्द इमामसाब अत्तार, वय अदमासे अडुसष्ट, धंदा अत्तरे व सुगंधी तेले काढून विकणे, राहणार रविवार पेठ, कोल्हापूर, इलाखा करवीर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर माझ्या मनाने लिहून ठेवतो. अर्जनवीस गणपतराव यांनी वहिवाटीप्रमाणे 'पाचही इंद्रिये शाबूत असता' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. त्या जागी 'चार' लिहिले असून शेजारी माझी सही आहे. खाडाखोड पाहून कोणी शंका काढू नये. गणपतराव कुरकुरले, "मीरासाब, कायद्याला तुमच्या नाकाशी काय करायचंय?" मी म्हटले, "कायद्याला नसंल, मला हाय. खोडा."

कलम पहिले. नाकासंबंधी.

सन १९०३ च्या थंडीत माळ्यावरून गुलाबपाण्याची बरणी काढताना शिडी सरकली आणि माझे डोके मागच्या बाजूने पाट्यावर आपटले. तीन दिवस अंथरुणात होतो. चौथ्या दिवशी चुलीजवळ शेकत बसलो असताना माझी थोरली सून फातिमा परसातून धावत आली आणि ओरडली, "अब्बा, दूध करपलं की! तुमी हितंच बसलायसा आनि..." ती बोलता बोलता थांबली. तिने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. मग तिने भांडे खाली उतरवले, खरवडले आणि त्या दिवसापासून आजपर्यंत हा विषय कोणाजवळ काढला नाही.

तेव्हापासून मला वास येत नाही. गुलाबाचा नाही, केवड्याचा नाही, गटाराचाही नाही. हे मी बारा वर्षे लपवले. बापजाद्यांपासून अत्तार असलेल्या माणसाने नाक गेले असे सांगितले, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानात जाते. मी बाटलीचे बूच काढून नाकाशी धरत असे, डोळे मिटत असे, मान हलवत असे. लोक म्हणत, मीरासाबांचे नाक म्हणजे नाक. ते सगळे ढोंग होते आणि ते मी चांगले वठवले, एवढे मात्र म्हणेन.

कलम दुसरे. लव्हेंडर आणि मधाचे तेल कोणाचे, हे.

या दुकानाचे नाव आज ज्या तेलामुळे आहे ते मी शोधलेले नाही. हकीमसाहेबांनी नाक उघडावे म्हणून मला उस्तुखुद्दूसच्या फुलांचा काढा मधातून घ्यायला सांगितला होता. रेसिडेन्सीतल्या मडमा कपड्यांच्या पेटीत जी लव्हेंडरची फुले ठेवतात, ती याच जातीची, असेही त्यांनीच सांगितले. सहा महिने मी तो काढा प्यालो. नाकाला काही गुण आला नाही. पण सहा महिने ती फुले निवडून, उकळून, मध कालवून फातिमाच्या हाताला तो वास बसला. एक दिवस ती दाराआडून म्हणाली, "अब्बा, तुमच्या औषधाचा वास लई ग्वाड हाय. तेल काढूया की ह्येचं."

मी रागावलो. माझे नाक गेले आणि हिला माझ्या औषधात वास सापडतो! आठ दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. त्या आठ दिवसांत तिने चंदनाच्या तेलात ती फुले मुरवली, आणि मधाच्या वासासाठी मध न घालता काय केले ते पाचव्या कलमात सांगतो. नवव्या दिवशी माझा थोरला मुलगा करीम ते तेल मनगटाला लावून दुकानात बसला. दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकांनी त्याला विचारले, हे कुठले?

पुढे आमची रीत अशी बसली. कोणतेही नवे तेल निघाले की फातिमा ते सकाळी डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावायची आणि घरची कामे करायची. दुपारी मी दाराशी उभा राहून विचारायचो, "काय म्हणतंय?" ती सांगायची, "अजून कच्चं हाय," किंवा "मागनं कडू लागतंय." संध्याकाळी पुन्हा विचारायचो. ती "झालंय" म्हणाली की मी ते बाटलीत भरायचो. बारा वर्षांत या दुकानातून जे जे चांगले गेले, ते आधी तिच्या मनगटावर दिवसभर राहून गेले आहे. एकच तेल तसे गेले नाही, आणि त्यासाठीच हा कागद आहे.

कलम तिसरे. हे तेल अंगाला कसे लावावे.

हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण माझ्यामागे कोणीतरी कापसाचा फाया करून कानात घालील आणि म्हणेल की यात काही दम नाही. हे तेल फायाचे नाही, कपड्याचेही नाही. कपड्यावर नुसता लव्हेंडरचा वास येतो आणि मध वर येत नाही, असे फातिमा सांगते. ते उघड्या अंगावर, जिथे नाडी लागते तिथे, एक थेंब लावावे. चोळू नये. अंगाची ऊब लागली की पहिल्यांदा फुले वर येतात आणि घटकाभराने मध. प्रत्येकाच्या कातडीवर ते वेगळे उतरते. म्हणून गिऱ्हाइकाला बाटली हुंगायला देऊ नये, मनगट पुढे करायला सांगावे आणि थोडे बसवून ठेवावे.

मी स्वतः हे तेल कधी हुंगलेले नाही. लोक काय म्हणतात ते जमवत आलो. मुलींच्या शाळेतल्या कालिंदीबाई म्हणाल्या होत्या, आजारातून उठल्यावर पहिल्यांदा उन्हात बसावे तसे वाटते. तालमीतला एक पैलवान म्हणाला, "पोळं काढून आल्यावर हाताला येतो न्हवं, त्यो वास. निस्ता मध न्हाई, त्यात जरा रानबी हाय." मी दोघांचे ऐकून घेतले, जणू मला ठाऊकच आहे अशी मान हलवली आणि रात्री पडल्यावर दोन्ही जोडून वास कसा असेल ते बघत राहिलो. जमले नाही.

कलम चौथे. माझा गुन्हा.

सन १९०६ च्या एप्रिलात माझा करीम पटकीने दोन दिवसांत गेला. वय अठ्ठावीस. त्याच्यावर मी इथे जास्त लिहीत नाही, कारण गणपतरावांना लिहायचे आहे आणि मला सांगायचे आहे, आणि दोघांनाही ते जमणार नाही.

फातिमा इद्दतीत बसली. आमच्यात नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस अत्तर, मेंदी, सुरमा यांना हात लावायचा नाही. तिने तो नियम अक्षरशः पाळला. दुकानातली बाटलीसुद्धा तिच्या खोलीजवळून नेऊ देत नसे.

मे महिन्यात पेठ वडगावच्या आण्णा गुळवाल्यांच्या मुलीचे लग्न होते. पाहुण्यांच्या मनगटाला लावायला त्यांनी आमचे लव्हेंडर-मधाचे तेल सांगितले होते, आणि ते करीम असतानाच कबूल केलेले. घरात तेल शिल्लक नव्हते. मी विचार केला, सुनेला विचारायला नको, फुले आहेत, चंदन आहे, मध आहे, त्यात अवघड काय? मी चांगला जाड मध घेतला आणि तेलात घातला. मध तेलात मिसळत नाही. तळाला बसला. मी गरम केले, घुसळले, वरून स्वच्छ दिसले तशा बाटल्या भरल्या. नाक असते तर कळले असते. एका मनगटावर लावून बघितले असते तरी चिकटपणा कळला असता. पण ते मनगट इद्दतीत होते आणि माझे स्वतःचे मला सुचले नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या हाताला लावत आलो होतो.

दोन दिवसांनी आण्णांची बायको अंबूबाई दुकानात आली. अर्धी पेठ ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "अवो अत्तार, नवरदेवाच्या मानंवर मुंगळं चढलं की! माश्या तर इचारूच नगा. आमी अक्षता टाकायच्या का मुंगळं झाडायचं? भटजी मंगलाष्टकं म्हणत न्हवता, खाजवत हुता!"

दुकानात सात-आठ माणसे होती. त्यांतले तिघे आमच्या जमातीचे. मी माझे नाक वाचवले. मी म्हणालो, "बाई, माझा न्हाई ओ ह्यो घोळ. तेल घरातनं कालवून आलंतं. सुनंचं चित्त थाऱ्यावर न्हाई."

अंबूबाईचा आवाज एकदम खाली आला. ती म्हणाली, "दादला जाऊन म्हैना न्हाई झाला, आनि ती अत्तर कालवतीया?"

मी काही बोललो नाही. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

संध्याकाळपर्यंत ते आमच्या मोहल्ल्यात पोचले. मीरासाबांची सून इद्दतीत अत्तर लावते, नवऱ्याची माती वाळली नाही तोवर. रात्री मी घरी गेलो तेव्हा तिला सगळे कळले होते. मला वाटले, ती आता बाहेर येऊन सांगेल. ती दाराआडून एवढेच म्हणाली, "अब्बा, ह्ये दुकान तुमच्या नाकावर चालतंय. ऱ्हाऊ द्या." मला तेव्हा सुटल्यासारखे वाटले. याची आज जेवढी लाज वाटते तेवढी कशाचीच वाटत नाही.

नऊ वर्षे झाली. जमातीत लग्न निघाले की नवरीच्या मनगटाला पहिले अत्तर अत्तारांच्या घरच्या बाईने लावायचे, ही जुनी चाल. माझ्या आईने लावले, माझ्या बीबीने लावले. फातिमाला नऊ वर्षांत एकदाही बोलावले नाही. तिने बोलावण्याची वाट पाहिलेली मी पाहिली आहे. लग्नाच्या दिवशी ती चांगले लुगडे नेसून बसायची, मग बदलून कामाला लागायची.

तिची मुलगी, माझी नात जुलेखा, आता अकरा वर्षांची आहे. आणखी तीन-चार वर्षांत लोक तिच्यासाठी विचारायला येतील, आणि आधी तिच्या आईचे विचारतील. म्हणून लिहितो, आणि गणपतरावांनी हे ठसठशीत अक्षरात लिहावे: त्या तेलाला फातिमाचा हात लागलेला नव्हता. इद्दतीचे चार महिने दहा दिवस तिने अत्तराच्या बाटलीकडे पाहिलेसुद्धा नाही. घोळ माझा, खोटे माझे, आणि ते मी वाचून न दाखवता मरतो आहे, हा भित्रेपणाही माझाच.

माझ्या मयतीनंतरच्या पहिल्या जुम्म्याला, नमाज झाल्यावर, हे कलम मोठ्याने वाचावे. एक प्रत वडगावला अंबूबाईंना पोचवावी, सोबत नीट केलेल्या तेलाची एक बाटली. त्यांची मुलगी आता दोन पोरांची आई आहे, तिच्यासाठी.

कलम पाचवे. दुकान, हत्यारे आणि कृती.

महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे दुकान, त्यातली अर्क काढायची तांब्याची देग, वाफ उतरवून घ्यायचे दोन्ही भपके, चामड्याच्या कुप्प्या, लहान तराजू आणि माझ्या वडिलांची चांदीची अत्तरदाणी, हे सर्व फातिमा हिला द्यावे, तिच्यानंतर जुलेखाला. देगेला दर दोन वर्षांनी कल्हई अप्पा तांबटाकडूनच करावी. तो बडबड्या आहे, पण काम चोख.

तेलाची कृती तिचीच आहे, ती मी तिला काय देणार! फक्त नोंद म्हणून लिहितो, म्हणजे पुढे कोणी हक्क सांगू नये. मध घालायचाच नाही. मध काढून घेतलेल्या जुन्या पोळ्याचे काळपट मेण चंदनाच्या तेलात मंद आचेवर ठेवायचे, गाळून घ्यायचे आणि मग त्यात फुले मुरवायची. वास मधाचा राहतो आणि चिकटपणा पोळ्यात राहतो. हे तिने मला करीम गेल्यावर दुसऱ्या वर्षी सांगितले. तोवर मी विचारलेच नव्हते.

कलम सहावे. महंमद.

माझा धाकटा मुलगा महंमद याच्याबद्दल माझ्या मनात अढी आहे आणि ती मी लपवत नाही. त्याला देगेपेक्षा विलायती लेबलांची हौस. भपक्याजवळ बसायला सांगितले तर त्याला बाजारात काम निघते. गेली काही वर्षे त्याने दुकानातल्या प्रत्येक बाटलीच्या गळ्याला रंगीत दोरे बांधायचा नाद लावून घेतला आहे. गुलाबाला लाल, खसला हिरवा, केवड्याला पिवळा, मोगऱ्याला पांढरा. विचारले तर म्हणतो, "मुंबईत अशीच फॅशन हाय, अब्बा." दुकान आहे की पतंगाचा मांजा विकायची जागा? घाईत मला त्या दोऱ्यांचा उपयोग झाला आहे, हे कबूल करतो. तरी माझ्यामागे ते काढून टाकावेत. फातिमाला दोऱ्यांची गरज नाही.

मी हे लिहितो कारण आता मला त्याच्याकडेच काही मागायचे आहे. काझीसाहेबांनी समजावले की वारस नसलेल्या माणसाला मी मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच देऊ शकतो. करीम माझ्याआधी गेल्यामुळे फातिमा आणि जुलेखा यांना आमच्या कायद्याने काहीच येत नाही. दुकान आणि हत्यारे मिळून तिसऱ्या हिश्श्याच्या थोडी वर जातात. त्यावरचे महंमद आणि माझी मुलगी सलमा यांनी कबूल केले तरच चालेल, आणि ते कबूल करणेही मी गेल्यावर. म्हणजे मी जिवंतपणी हट्ट करू शकत नाही. मी नसताना त्याने ठरवायचे आहे.

महंमद, तू माझ्यावर रागावला असशील तर राग. पण दुकान तुझ्या भाभीला दे. तुला विलायती बाटल्या विकायच्या असतील तर शाहूपुरीत गाळा घे. ही देग तिच्याशिवाय कोणाच्या उपयोगाची नाही.

कलम सातवे. घर.

रविवार पेठेतले घर शरीयतीप्रमाणे महंमद व सलमा यांचे. मात्र मागची खोली, परस आणि तिथले लिंबाचे झाड फातिमा व जुलेखा यांच्याकडे हयातभर राहावे. सलमाला तिच्या आईच्या बांगड्या. त्या तिने निपाणीला जाताना मागितल्या होत्या आणि मी नंतर बघू म्हणालो होतो.

कलम आठवे. समोरच्या दुकानदाराला माझ्याकडून सलाम सांगावा. त्याच्या गुलाबात गुलाब किती आणि रॉकेलचा वास किती, हे मला बारा वर्षे कळले नाही, त्याबद्दल त्याने अल्लाचे आभार मानावेत.

कलम नववे. माझी मयत.

गाजावाजा नको. आमच्यात मयताला न्हाऊ घातल्यावर नमाजाच्या सजद्यात जमिनीला टेकणाऱ्या जागांना सुगंध लावतात: कपाळ, नाक, दोन्ही तळवे, गुडघे आणि पाय. कापूर लावाच. त्यावर हे लव्हेंडर आणि मधाचे तेल लावावे. सासऱ्यासाठी इद्दत नसते, तेव्हा फातिमाने ते आधी आपल्या मनगटावर लावून बघावे आणि ती "झालंय" म्हणाली तरच घ्यावे. लावणाराने घाई करू नये. कपाळाला एक थेंब, तळव्यांना एक-एक.

नाकाला जरा जास्त लावावे. सगळ्यांनी त्या तेलाबद्दल मला सांगितले. मला एकदा स्वतः बघायचे आहे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र वाचून, ऐकून, खाडाखोडीसह कबूल करून सही केली आहे.

स्थळ कोल्हापूर. तारीख ९ मार्च १९१५.

सही: मीरासाब वल्द इमामसाब अत्तार

साक्ष: अप्पा तांबट, रविवार पेठ. (कल्हईबद्दल लिहिलेले ऐकले. बडबड्या हा शब्द काढायला सांगितला, काढला नाही.)

साक्ष: कालिंदी, शिक्षिका, मुलींची शाळा, कोल्हापूर

हस्ते: गणपतराव, अर्जनवीस

पुरवणी. वारसांचे संमतीपत्र.

मी, महंमद वल्द मीरासाब अत्तार, वय अठ्ठावीस, लिहून देतो की आमचे वडील ता. ३ डिसेंबर १९१६ रोजी पहाटे वारले. जुम्म्याला नमाज झाल्यावर कलम चौथे मी स्वतः वाचले. मागच्या रांगांना ऐकू गेले नाही, म्हणून पहिल्यापासून पुन्हा वाचले. वडगावची प्रत आणि बाटली मीच पोचवून आलो. अंबूबाईंनी बाटली आत नेऊन ठेवली. मग म्हणाल्या, "तिला म्हणावं, पुढच्या म्हैन्यात धाकटीचं लगीन हाय. तिनंच यायचं, आनि तिच्याच हातानं लावायचं."

कलम पाचवे, सहावे व सातवे मला व सलमाला पूर्ण कबूल आहेत. दुकान भाभींचे.

दोऱ्यांबद्दल एक गोष्ट लिहून ठेवतो. मुंबईत तशी काही फॅशन नाही, मी मुंबई पाहिलेलीही नाही. सन १९०७ मध्ये अब्बांनी एका गिऱ्हाइकाला बूच काढून, हुंगून, डोळे मिटून, मोगरा म्हणून खस दिला. मी शेजारी उभा होतो. दुसऱ्या दिवसापासून दोरे बांधले. मला कळले आहे हे त्यांना कळले असते, तर ते दुकानात बसले नसते. बसल्याशिवाय ते जगले नसते. भपक्याजवळ मी बसत नव्हतो, कारण तिथे बसलो की ते मला हुंगून सांगायचे आणि मला खोटे हो म्हणावे लागायचे.

त्याचबरोबर, भाभींचा दोष नव्हता हेही मला तेव्हापासून ठाऊक होते आणि मी गप्प राहिलो. कलम चौथ्यात अब्बांच्या नावाखाली माझेही नाव लिहावे.

दोरे काढलेले नाहीत. भाभी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्यात."

कलम नववे: भाभींनी सकाळी तेल मनगटाला लावले आणि मयतीची तयारी होईपर्यंत ठेवले. दुपारी मी दाराशी जाऊन विचारले, "काय म्हणतंय?" त्या म्हणाल्या, "झालंय." तेल मी लावले. घाई केली नाही. नाकाला जास्त लावले.

स्थळ कोल्हापूर. तारीख ८ जानेवारी १९१७.

सही: महंमद वल्द मीरासाब अत्तार

सलमा, मु. निपाणी: निशाणी डाव्या हाताचा अंगठा

हस्ते: गणपतराव, अर्जनवीस